तळ्यावरचा माझा फोटो

लातूर, मे १९८६

अव्वा, तुझ्या पायांवर डोकं ठेवून चन्नबसप्पाचा शरणार्थ.

धाकटी शरणम्मा हे वाचून दाखवील, तिला जरा हळू वाच म्हण. मी बरा आहे. जिल्हा नवा, कचेरी नवी, त्यामुळं काम लई आहे. टँकर एक दिवसाआड येतो, पण एकट्याला पाणी पुरतं. देगलूरला आपल्या आडात पाणी आहे का?

सुट्टीला कॅमेरा घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर जातो. दरवेळी त्याच दगडावर बसून फोटो काढतो. पावसाळ्यातल्या फोटोत कमळं आहेत, थंडीतल्या फोटोत लांबून आलेली बदकं. आता नुसती भेगाळलेली माती आहे. तरी जातो. खोलीवर बसून काय करू?

फोटो धुणारा स्टुडिओवाला हसतो. म्हणतो, "साब, एखादं माणूस तरी काढा की!"

तू शरणम्माकडून लिहवलंस, त्या तळ्यापाशी उभा राहून तुझा फोटो पाठव. अव्वा, बटण दाबणारा मीच, मग समोर कोण उभं राहणार? तिकडं आता गुरंसुद्धा फिरकत नाहीत.

शेवटी सूर्य पाठीशी घेतला आणि मातीचाच फोटो काढला. तो सोबत पाठवतोय. त्यात खालून वरपर्यंत एक लांब सावली पडली आहे, तो मी.

आता पोरगं वाळलं म्हणून रडत बसू नको. दिवस मावळताना सगळ्यांचीच सावली बारीक दिसते.

तुझा,
चन्नू