पाणी कुठे मुरतंय

झाबोल,
तीर महिन्याची अठरा तारीख, सन १३८०

लाडक्या, दूर राहणाऱ्या आणि पत्राला उत्तर न देणाऱ्या माहगुलला,

सलाम. जावयांना सलाम, पोरांच्या गालांचे पापे. आमची खुशाली विचारशील तर तू जवळ नाहीस एवढं सोडून कसलीही तक्रार नाही, असं गुलअंदाम आपल्या मनाने लिहिते आहे. तक्रारी आहेत. पुढे येतील.

हे पत्र मी सांगते आणि तुझी वहिनी लिहिते, कारण घरात लिहिता येणारं दुसरं माणूस म्हणजे तुझा भाऊ हैदर, आणि पत्र हैदरबद्दलच आहे. गुलअंदाम त्याची बायको आहे हे मला ठाऊक आहे, माझी अक्कल अजून वाऱ्यावर गेलेली नाही. म्हणून पत्र झालं की मी ते मुल्ला शरीफकडे नेऊन वाचून घेणार आणि मगच पाकीट चिकटवणार. हेही तिला लिहायला लावलं. लिहिलं तिने. कान लाल झालेत.

आता मुद्दा. मला एकच गोष्ट खरी सांग. तुझ्या भावाने तुमच्याकडे गोरगानला घर बघितलंय का? माझ्यापासून लपवून तो इथलं बिऱ्हाड हलवायच्या बेतात आहे असा मला दाट संशय आहे. या गावात प्यायला पाणी नाही, पण आमच्या घरात कुठेतरी पाणी मुरतंय.

वारा यंदा लवकर सुटला. नाव एकशेवीस दिवसांचा वारा, पण आगंतुक पाहुण्यासारखा एकदा बूड टेकलं की उठायचं नाव घेत नाही. पूर्वी तो हामून तळ्याच्या पाण्यावरून यायचा, खिडकीतल्या काट्यांच्या तट्ट्यावर दोन तांबे पाणी मारलं की घर कसं थंडगार. आता हामूनचा तळच उचलून आणतो. सकाळी गालिच्यावरून मी तळं झाडते आणि दाराबाहेर टाकते. दुपारी ते परत आत येतं. वरच्या अंगाला नदी अडवली म्हणून असं झालं, असं रेडिओ सांगतो. रेडिओवर माझा विश्वास नाही, पण नदीतही पाणी नाही.

गल्लीतली अर्धी दारं बंद आहेत. इथून कोणीही 'गाव सोडतो' म्हणत नाही. सगळे इमाम रझांच्या दर्शनाला जातात. मशहदची बस धरतात, आणि दर्शन इतकं चांगलं होतं की कोणी परतत नाही. समोरची झीनत हिवाळ्यात गेली. जाताना मला म्हणाली, 'बीबी, चार दिवसांत येते.' मी म्हटलं, 'ये हो. पण दर्शनाला कूलर कशाला नेतेस, इमामांना उकडतंय का?' ती हसली नाही. खिडकीत कूलरच्या जागी भोक राहिलं, आता तिच्या घरात वारा भाडेकरू आहे.

आणि गेल्या आठवड्यात तुझा भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला, माझे पाय दाबायला लागला. हैदर पाय दाबतो म्हणजे काहीतरी विकलंय. मागे पाय दाबले होते तेव्हा गाय गेली होती. मी विचारलं, 'आज काय विकलंस?'

'काही नाही ग आई. तुझी कधीची इच्छा होती, मशहदला जाऊन येऊ. चार-पाच दिवस. सगळेच जाऊ.'

'सगळेच? मग घर कोण झाडणार?'

'पाच दिवसांत काय होतंय?'

ताकाला जाऊन भांडं लपवणारी ही माणसं. दुसऱ्या दिवशी बघते तर तुझी वहिनी हिवाळ्यातल्या रजया उसवून त्यातली लोकर पिंजते आहे. तीर महिन्यात, ऐन उन्हाळ्यात. मी म्हटलं, 'मशहदला बर्फ पडला वाटतं.' म्हणाली, 'आई, कसर लागली होती.' या वाऱ्यात कसर जगली असेल तर तिला सलाम. मी खोलीत शिरले की दोघं चहाबद्दल बोलायला लागतात. नवरा-बायको चहाबद्दल एवढं कुजबुजतात का?

नर्गिसला विचारून बघितलं, सहा वर्षांची पोर खोटं बोलणार नाही म्हणून. तीच मला विचारते, 'बीबी, गोरगानला उन्हाळ्यातपण पाऊस पडतो?'

'कोणी सांगितलं तुला?'

'माशाने.'

थापा मारण्यात बापाची पोर आहे. तिला जरा सर्दी आहे म्हणून राणीसारखी उशांना टेकून झोपते. बाकी सगळं ठीक.

आता मी नमाजाला उठते. गुलअंदाम, हात आखडलास तर पाच मिनिटं सैल कर.

माहगुलताई, मी गुलअंदाम, घाईत लिहिते. आईंना अजून काही सांगितलेलं नाही. हे म्हणतात, सांगितलं तर ती यायची नाही, आणि तिला टाकून मी पाऊल उचलणार नाही. तुम्ही गाव सोडून गेलात तेव्हा आई गच्चीवर उभ्या राहून तुम्हाला काय काय बोलल्या होत्या ते तुम्हाला आठवतंच. म्हणून मशहदचं निमित्त. तुमच्या दोन गल्ल्या पलीकडची खोली यांनी पक्की केली आहे. तुम्ही उत्तरात काही लिहू नका. हे पान मी मुल्लासाहेबांना देणार नाही, दुसरं कोरं लिहून

माहगुल, मी परत आले. नमाजात कधी नव्हे ती माझी नजर चुकली, आणि त्याचा दोष लेखणीला. मी गप्प होते आणि कुरकुर चालू होती. विचारलं, 'काय लिहीत होतीस?' म्हणते, 'पत्ता.' एवढा लांब पत्ता? गोरगान काय चीनमध्ये आहे? मला अक्षर येत नाही, पण कागद कुठपर्यंत पांढरा होता ते दिसतं. असू दे. तिने जे लिहिलं असेल ते तू वाच, मी माझं सांगते.

मी सापळा लावला. म्हटलं, बरं तर, दर्शनाला जायचं तर रीतसर जाऊ. दारोदार जाऊन बोलल्या-चालल्याची माफी मागू, जशी आपल्यात मागतात. यात काय गोम आहे ते तुला कळलं असेल. पाच दिवसांच्या यात्रेकरूला लोक हसत माफ करतात, 'आमच्या नावाने पण दोन शब्द बोला तिथे' म्हणतात, आणि आपल्या कामाला लागतात. तोंडं काय सांगतात ते मला बघायचं होतं.

काल सकाळी चादर तोंडावर ओढून निघाले. आधी नानवाईकडे. त्याची बायको मर्जिया पीठ मळत होती. मी दारातून म्हटलं, 'बाई, इमामांच्या दर्शनाला निघालेय. कधी रोटी परत केली असेल, करपली म्हणून बोलले असेन, मनात ठेवू नको.' ती पिठाच्या हातांनी माझ्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. माझी काळी चादर पांढरी.

'तुझ्या मयतीला आम्ही नसू ग बीबी.'

'अगं, पाच दिवसांत मरायला मी काय कोंबडी आहे?'

तिने जीभ चावली. नवरा आतून खाकरला. मला म्हणाली, 'कांदा चिरत होते ना.' नानवाईच्या दुकानात कांदा.

तिथून खैरूनकडे. खैरून तुला आठवते ना, हामूनला पाणी होतं तेव्हा आपल्या गाईने तिची लव्हाळ्याची नवी चटई खाल्ली होती. गाय गेली, लव्हाळं गेलं, तळं गेलं, पण ती चटई काही गेली नाही. दर ईदला मी माफी मागते आणि दर ईदला ती म्हणते, 'चटई आण, माफी ने.' काल मी तिच्या दारात उभी राहिले, भांडायच्या तयारीनेच. म्हटलं, 'खैरून, तुझं माझ्याकडे काही निघत असेल तर सोडून दे, मी दर्शनाला निघालेय.'

ती म्हणाली, 'सोडलं, शहरबानू. चटईपण सोडली. तूही माझं बोललेलं सोड.' आणि आत जाऊन फडक्यात बांधून कुलचे घेऊन आली. 'वाटेत नर्गिसला दे. तिकडे गेली की पोरीला आराम पडेल.'

'तिकडे कुठे?'

'दर्शनाला. दर्शनालाच म्हटलं मी.'

माहगुल, मर्जिया रडली तेव्हा मला नुसती खात्री पटली होती. खैरूनने माफ केलं तेव्हा मात्र मी घाबरले. त्या बाईने माझं काही ऐकून मला सोडलेलं नाही. तिने काहीतरी वेगळं ऐकलेलं आहे.

घरी आले. नर्गिस सर्दीने

इथे तुझ्या वहिनीने लेखणी खाली ठेवली होती. म्हणाली, 'आई, तुम्ही सांगाल ते लिहीन, मला चोर म्हणालात तेही लिहीन, पण सर्दी आता लिहिणार नाही.' या घरात आल्यापासून तिने मला नाही म्हटलेलं नव्हतं. आवाज चढवला नाही. नुसते हात मांडीवर ठेवून बसली.

बरं. मग लिही. सर्दी नाही.

पोरीला आडवं झोपता येत नाही. आडवी झाली की दम कोंडतो, म्हणून उशांना टेकवून बसवतो. वारा चढला की ओठ काळेनिळे पडतात. दवाखान्यात नेली, आणली, परत नेली. डॉक्टर इस्फहानचा, तरुण आहे, चांगला आहे. मला म्हणाला, 'आजी, औषध मी देतो, हवा कुठून देऊ?' मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, तो परगावचा आहे, त्याला आपला वारा काय कळणार. हैदर पुढच्याच दिवशी पाय दाबायला आला.

मी काय धरून बसले होते ते तुला ठाऊक आहे. हामून मागेही आटला होता आणि परत आला होता. मी लहान असताना आटला, आमचे वडील काठावर बसून राहिले, आणि एका वसंतात रात्रीतून पाणी दारापर्यंत आलं, बदकांसकट. म्हणून मी म्हणत होते, थांबा. तुझे वडील तिकडे काठावरच्या मातीत आहेत, तेही थांबलेत. मला थांबायला हरकत नाही, म्हाताऱ्या माणसाला दुसरं काम काय? पण काल खैरूनचे कुलचे घेऊन मी पोरीच्या पाठीमागे बसले आणि पाठीला कान लावला. आत जे चाललं होतं ते ऐकलं. तिला थांबता येणार नाही, माहगुल. पाणी उद्या आलं तरी तिच्यासाठी उशीरच.

गुलअंदाम रडते आहे. अक्षर फिसकटलं तर समजून घे. मुल्ला शरीफकडे आता जात नाही, त्यांचे डोळे तसेही अधू आहेत.

तर नीट ऐक. हैदरला यातलं काही कळू देऊ नको. त्याला वाटू दे की त्याने आईला फसवलं, पुरुषाला तेवढं लागतं. मी बसमध्ये बसेन. मशहदला दर्शन मात्र खरोखरचं घेईन, ते तो चुकवू बघेल तर मी रस्त्यात बसेन. मग तो मान खाजवत म्हणेल, 'आई, एवढं आलोच आहोत तर माहगुलला भेटून येऊ.' तेव्हा मी थोडी भांडेन. नाही भांडले तर त्याला संशय येईल.

तुझ्याकडे आल्यावरही मी दोन दिवस तोंड फुगवून बसणार आहे, ते मनावर घेऊ नको. हैदरने जे घर बघितलं असेल त्याला उत्तरेकडे खिडकी असेल तर आधीच बुजवून घे. तुमचा वारा चांगला आहे म्हणून सांगशील, पण मी त्याला ओळखत नाही. आणि जावयांना सांग, पावसाचं कौतुक माझ्यासमोर करू नये. नर्गिसला हवं तेवढं करू दे.

आज दुपारी आम्ही काठावर जाणार आहोत. हैदरला सांगितलंय, दर्शनाआधी तुझ्या बाबांना सलाम करून येते. त्यांच्याकडून कसली माफी मागायची नाही, त्यांनी माझ्याकडून मागायला हवी, एकटे पुढे निघून गेले. नुसती जरा बसेन. वारा असेल, तोंड बांधून बसेन.

गल्लीतल्या प्रत्येक दारात मी म्हणून आले, बोलल्या-चालल्याचं सोडून द्या. गच्चीवरून तुला जे बोलले ते मला पाठ आहे, गुलअंदामलाही पाठ आहे असं तिच्या तोंडावरून दिसतं. तरी तुझ्याकडे माफी मागत नाही. ज्यांची परत भेट व्हायची नाही, त्यांच्याकडेच ती मागायची असते.

तुझी आई,
शहरबानू