मिठातला बर्फ

॥ श्रीगुरुबसवलिंगाय नमः ॥
मुरुम, ता. ३ मार्च १९४४

ती. स्व. पंचाक्षरीअण्णांचे सेवेशी, बंडप्पाचा शरणार्थ. वि. वि.

इथं सर्व खुशाल. चिंचेचा हंगाम भरात आहे. अंगणात बायका चिंच फोडतात, आतल्या खोलीत मीठ लावून ती थापली जाते. येत्या गुरुवारी बेंबळीची मंडळी चि. जगदेवीला पाहायला येणार. मुलगा शांतलिंग कापडाचे दुकान सांभाळतो. घराणे चांगले, मात्र त्याच्या आत्याबाई लक्ष्मम्मा रंगाविषयी लई कडक आहेत. सावळ्या म्हणून कितीतरी मुली त्यांनी नापसंत केल्या.

सध्या म्हाळसाबाई म्हणून कुणी हैदराबादेहून इथं उतरल्या आहेत. थोरामोठ्यांच्या जनान्यात त्या चेहऱ्याचे उपचार करीत, असे त्या सांगतात. बर्फ तोंडावर धरला की कातडी आवळते, पुटकुळ्या बसतात आणि रंग उघडतो, असे त्यांचे म्हणणे. मुरुमात बर्फ कुठला मिळायचा? बुधवारच्या मोटारीने सोलापुरातून एक लादी पाठवावी. तुमच्या बहिणीने तुम्हांस शपथ घातली आहे. कृपा आहेच, ती उणी होऊ नये.

आपला,
बंडप्पा

सोलापूर, ता. ६ मार्च

रा. रा. बंडप्पा यांस पंचाक्षरीचा स. न. वि. वि.

पत्र पावले. दोनदा वाचले, एका वाचनात एवढा अडाणीपणा पुरता ध्यानी येईना. गिरणीच्या कचेरीत तऱ्हेतऱ्हेचे नमुने मी तपासले आहेत, परंतु माणसाचा रंग बर्फाने निघतो, हा माल प्रथमच पाहिला. बर्फाने डोळ्यांखालची सूज ओसरते, चेहरा घटकाभर ताजा दिसतो. आमच्या साहेबाची मडम उन्हातून आली की रुमालात खडा गुंडाळून गालांवरून फिरवते. ती बर्फाने गोरी झालेली नाही. बोटीतून उतरली तेव्हाच गोरी होती. तुमच्या म्हाळसाबाई जनान्यात शिरल्या असतीलच, तर कपडे धुण्यास शिरल्या असतील.

ज्या घरात सुनेची पारख कापडाच्या ठाणासारखी उजेडात धरून होते, त्या घरी मुलगी का द्यावी, हा माझा प्रश्न. उत्तराची अपेक्षा तुमच्याकडून नाही. इरम्माच्या शपथेपुढे इलाज नाही, म्हणून लादी भुशाच्या पेटीतून पाठवतो. खडा कोरड्या फडक्यात गुंडाळून गालास टेकवावा आणि लगेच उचलावा. यात स्वतःची अक्कल घालू नये. ती चिंचेसाठी राखावी. इरम्मास आशीर्वाद. लोभ आहे, तो तपासू नये.

पंचाक्षरी

मुरुम, ता. १२ मार्च

ती. स्व. मामांस जगदेवीचा शि. सा. न. वि. वि.

आप्पा लिहायला धजत नाहीत, म्हणून मी लिहिते. पेटी बुधवारी संध्याकाळी आली. बर्फ सकाळपर्यंत टिकावा म्हणून आप्पांनी चिंचेला लावतात तसे त्याला ओंजळीने मीठ चोळले. मिठातली वस्तू वर्षभर बिघडत नाही, असे त्यांनी आईला ऐकवले. सकाळी म्हाळसाबाईंनी त्याच बर्फाची पुरचुंडी माझ्या डाव्या गालावर दाबून धरली. चरचरतंय म्हणाले, तर रंग उघडताना चरचरायचंच, असे त्यांचे उत्तर. गाल बधिर झाला, तेव्हा गुण आला म्हणाल्या. पुरचुंडी काढली, तर गालावर रुपयाएवढा पांढराफटक डाग आणि कडेने लाली. रंग उघडला मामा, पण तेवढाच. बाई औषध आणते म्हणून मागच्या दाराने गेल्या. अजून आणतच आहेत.

पाहुणे तर वाटेत होते. आईने डागावर विभूती फासली. लक्ष्मम्मांनी बसायच्या आधी ओले फडके मागितले. पावडर पकडायला त्या घरोघरी ते मागतात म्हणे. विभूती निघाली, आणि पोरीला कोड हाय म्हणत त्या उठल्याच. हा शब्द बेंबळीला पोचला असता, तर माझे राहू द्या, धाकट्या गौरम्मालाही कुणी विचारले नसते. मग मीच मिठाचे आणि बर्फाचे सांगितले. त्या हसल्या. बर्फानं कुणी भाजत असतंय व्हय, पोरीला खोटं बी नीट बोलता येत न्हाय, असे म्हणाल्या.

पेटीच्या तळाशी मिठातलाच एक तुकडा उरला होता. मी त्याची पुरचुंडी त्यांच्यापुढे ठेवली आणि हाताने धरून पाहा म्हटले. त्यांनी हात पदराखाली घेतले. तोवर मान खाली घालून बसलेल्या शांतलिंगांनी ती उचलली आणि मुठीत दाबून धरली. आत्या सोड सोड म्हणत राहिल्या. मूठ उघडली, तर तळव्यावर माझ्याच गालावरचा डाग. तो आत्यांपुढे धरून त्यांनी एवढेच विचारले की आता मलाही कोड आहे, तर माझ्यासाठी मुलगी कुठं शोधणार.

आत्याबाई पुन्हा बसल्या. त्यांच्याकडून होकार आला आहे. अशा घरी मुलगी का द्यावी, हा तुमचा प्रश्न आप्पांनी मोठ्याने वाचला होता. आत्याबाईंसाठी देऊ नये, हे मलाही पटते. परंतु मला त्या तळव्याच्या घरी जायचे आहे. आप्पा तुमच्या शब्दासाठी थांबले आहेत. मुलीवर माया ठेवता तशीच ठेवावी.

तुमची,
जगदेवी

सोलापूर, ता. १५ मार्च

चि. जगदेवीस पंचाक्षरीचे अ. आ.

मीठ बर्फाला टिकवत नाही. त्याला लवकर वितळवते आणि वितळताना अधिक गार करते. हे तुझ्या आप्पांना समजावू नये, व्यर्थ शीण होईल. म्हाळसाबाई गाव बदलतील; गिऱ्हाइके सगळीकडे मिळतात. आत्याबाईंविषयी माझे मत होते तेच आहे, फक्त अधिक पक्के.

माणसांत खोट काढायला मला कधी वेळ लागला नाही. त्या मुलाचा मजकूर मी तीनदा वाचला, आणि काही सापडले नाही. रविवारच्या मोटारीने येतो. बैठकीत मीच बोलेन.

फोड आल्यास फोडू नये. सोबत खोबरेलाची बाटली धाडली आहे. अर्धी तू ठेव, अर्धी बेंबळीला पाठव.

मामा