मान हलवणाऱ्यांचा क्लास

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज सकाळपासून तुमचं हिंगणीतलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आहे. दहावीच्या गणितासाठी आम्ही पोरी संध्याकाळी तुमच्याकडे यायचो. भाकरी थापता थापता तुम्ही गणित सांगताय, मध्येच विचारताय, "समजलं काय?" आणि आम्ही सगळ्या माना हलवतोय. त्या मानांवर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा मलाच धरलंत. "लय मान हालवून राह्यली! चाल, मी येडी हाय, मले शिकव." दोन वाक्यांत माझी बोबडी वळली. पोरी खिदळल्या. तुम्ही मात्र हसला नाहीत, तव्यावरची भाकरी उलटवून म्हणालात, "आता पह्यल्यापासून सांगतो, आयक."

पुढे वर्ध्यात मी एका क्लासमध्ये वर्ग सांभाळायच्या नोकरीला लागले. शिकवणारे सर पुण्यात, पोरं इथं पडद्यासमोर. ऑनलाइन क्लासचं तेव्हा काय अप्रूप! पण थोड्याच दिवसांत पोरं गळायला लागली. "पोरं टिकली नाई तं क्लास बंद," मालकानं सांगून टाकलं. म्हणजे माझी नोकरीही गेलीच. मी स्पीकर बदलले, कूलर लावला, इंटरनेटची लाइन सुधारून घेतली. चित्र झक्क दिसायला लागलं, तरी पोरं जातच होती.

मग एक दिवस सर पडद्यावरून म्हणाले, "समजलं ना?" आणि वर्गातल्या साऱ्या माना हलल्या. अहो बाई, पडद्याला मान हलवून दाखवतायत! सरांना इथलं काही दिसतच नव्हतं. ते आपले पुढं निघाले. मला तुमची अशी आठवण आली की मी सरळ आवाज बंद केला आणि सेलूहून येणाऱ्या समोरच्या पोरीला म्हटलं, "मी येडी हाय, मले शिकव." ती अडखळली, हसली, मग म्हणाली, "मॅडम, मले तं काहीच नाई समजलं." तिच्यामागून अर्धा वर्ग तेच बोलला. नेमकं कुठं अडलं ते विचारून तिची शंका मी पुण्याला लिहून पाठवली. सरांनी "सेलूच्या ताईची शंका" म्हणून उत्तर दिलं, तेव्हा पोरगी काय फुलली! नंतर रोजच पुण्याला शंका जायला लागल्या, तास संपला तरी कुणी उठेना. क्लास टिकला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. पोरं खूश आहेत, मालक खूश आहे. पण एक सांगू? मॅडम झाल्यापासून मला कुणी रागवतच नाही. बाई, त्याचीच फार आठवण येते.