ओतून दिलेली घागर

सर,

तुम्ही चिडणार हे धरूनच लिहिते आहे. काल परळीच्या आपल्याच शाळेत, गॅदरिंगला, चाळीस पोरापोरींनी माझं गाणं गायलं. माझ्याच शब्दांत गायलं.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी ती दुपार माझी पाठ सोडत नाही. मी दहावीत आहे. पेटीवर बसलेली वीज केंद्राची राख ओढणीने पुसते आणि भीत भीत तुमच्यापुढे माझ्या गाण्याची वही ठेवते, मीच लावलेली चाल गुणगुणून दाखवते. गाण्यातली मुलगी नळावर घागर भरते, तो येताना दिसला की भरलेली घागर गुपचूप ओतून देते आणि पुन्हा रांगेत, त्याच्या मागे जाऊन उभी राहते. तुम्ही चाल दोनदा वाजवलीत, मान डोलली तुमची, मी पाहिलं. मग वही मिटलीत. "चाल लई ग्वाड हाय. पन असलं चारचौघात गात न्हाईत, पोरी. आन् आपल्या मुलखात पानी ओतून देतं का कुनी?" आठ दिवसांत त्याच चालीवर तुम्ही पाणी वाचवायचं गाणं बसवलंत आणि स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला. मी पुढच्या रांगेत थेंब जपायला सांगत होते, आणि ज्याच्यापायी मी खरोखर घागरी ओतल्या होत्या तो मागच्या रांगेत तेच बेंबीच्या देठापासून गात होता. इतका राग आला होता तुमचा, की बक्षिसाचा पेढासुद्धा मी खाल्ला नाही.

आता त्या पेटीवर मी बसते. मुख्याध्यापकही तुमचेच विद्यार्थी. म्हणाले, पालक येणार आहेत, शब्द तेवढे बदला. मी म्हटलं, "चाल एकदा देऊन बसले. शब्द न्हाई देनार." मुलींनी घागर ओतली, मुलांनी शब्दाविना नुसता सूर धरला, पुढे बसलेल्या बाया पदराआड हसल्या. कुणी उठून गेलं नाही. मनातलं चारचौघात गायलं म्हणून आभाळ कोसळत नाही, सर. तुम्ही उगाच भ्यायलात.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून एक कबूल करते. घागर ओतल्यावर सगळे क्षणभर थांबतात, ती जागा माझी नव्हे. पाण्याच्या गाण्यात पोरांना श्वास घ्यायला तुम्ही ठेवली होती. मी ती काढून पाहिली, जमेना. काल नेमकी तिथंच सगळी सभा गप्प झाली.