आडवे सात, तीन अक्षरे

४ जानेवारी

आलो एकदाचे आखातात. अल कुसैसमधला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट शैलेंद्रने फोनवर सांगितला होता त्याहून बरा निघाला. दोन वर्षं तो इथे एकटाच राहिला, कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या नोकरीत. आता घर भरलं, असं विमानतळापासून चार वेळा म्हणाला. आमची मिहिका पंधरा वर्षांची. उतरल्यापासून ती माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली आहे.

समोरच्या मरियमबी मूळच्या रत्नागिरीच्या. सांदणं घेऊन आल्या आणि माझ्या चहाला नावं ठेवून गेल्या. मला फार आवडल्या.

मोठी गंमत म्हणजे इथे मराठी पेपर येतो! 'दैनिक खाडीकाठ', चार पानी, शेवटच्या पानावर शब्दकोडं. पुण्यात मी बावीस वर्षं मुद्रितं तपासली आणि तितकीच वर्षं कोडी सोडवून संपादकांना चुका कळवल्या. आजचं बारा मिनिटांत सुटलं. 'पाणी देणारा, तरी वेगवान (३)': जलद. सुरेख. पण कमळाला 'पंकज' आणि चंद्राला 'शशी' म्हणजे शाळकरीपणा. खाली कोडेकाराचं नाव आहे, देवदत्त. आडनाव नाही. ईमेलचा पत्ता आहे.

८ जानेवारी

तीन दिवसांच्या कोड्यांवर देवदत्तांना सविस्तर लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. फार नम्र माणूस. इथले लोक नुसते चौकोन भरतात, वाचत कोणीच नाही, यापुढे तुम्हाला डोळ्यांसमोर ठेवून रचीन, असं लिहिलंय. शैलेंद्र म्हणाला, आल्या आल्या भांडायला माणूस मिळाला.

११ जानेवारी

आजचं आडवे नऊ: 'समोरची सांदणवाली (५)'. हसूच आलं. म-रि-य-म-बी, बरोबर पाच चौकोन. पेपरवाल्यांची आणि त्यांची ओळख असणार. शब्द भरला, पण देवदत्तांना कळवलंच, की कोड्यात हयात माणसांची नावं घालायची नसतात.

१२ जानेवारी

मरियमबींच्या दाराला कुलूप. खाली वॉचमन बदरुद्दीनला विचारलं. तो हिंदीत म्हणाला, तो फ्लॅट तर दीड वर्ष रिकामा आहे, मॅडम. शैलेंद्रला विचारलं. तो म्हणाला, कोण मरियमबी?

त्यांचा डबा माझ्या ओट्यावर आहे. मी घासून ठेवला होता.

१५ जानेवारी

'तळमजल्यावरचा दुकानदार (३)'. उत्तर तय्यब. आम्ही दूध त्याच्याकडूनच घेतो. मी मुद्दाम ते चौकोन कोरे ठेवले आणि बाकीचं सोडवत गेले. सवयच ती. तगर, अय्यर, बटवा असे उभे शब्द लिहिले, आणि शेवटी पाहिलं तर आडवा शब्द आपोआप भरला होता.

खाली गेले. दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर जुनी धूळ.

१६ जानेवारी

शैलेंद्रला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. नवीन जागा, एकटेपणा, असं होतं, म्हणाला. पेपर बंद करायला लावला. 'खलास, उद्यापासून येणार नाही,' म्हणाला.

देवदत्तांना लिहिलं की थांबवा. उत्तर आलं: कोड्यात काही चूक आढळली का?

२१ जानेवारी

पेपर नाही. कोडं नाही. रोज सकाळी धुकं, समोरची इमारत दिसत नाही.

आज वही मागे चाळली. मरियमबी नावाच्या बाईंबद्दल लिहिलंय. अक्षर माझं आहे. चेहरा आठवत नाही. वाईट वाटायला हवं होतं.

२४ जानेवारी

शैलेंद्रने ऑफिसमधून परवाचा, कालचा आणि आजचा असे तीन पेपर आणले. मी गप्प गप्प असते म्हणून. मी आंघोळीला गेले असताना आजचं कोडं घेऊन बसला. त्याला जन्मात कधी एक शब्द आला नाही. बाहेर आले तर तो खुशीत होता. म्हणाला, 'हे बघ, आडवे सात. धुकं, तीन अक्षरे. हे तर लेकीसाठी मीच संस्कृतातून शोधलेलं नाव.'

मी पेपर ओढला. मि आणि हि लिहून झाले होते. तिसरा चौकोन कोरा.

२५ जानेवारी

शाळेच्या बसने मिहिकासाठी थांबा घेतला नाही. शैलेंद्रने सकाळी दोनच ताटल्या मांडल्या. ती त्याच्यासमोर उभी राहून बोलत होती. तो तिच्या पलीकडे खिडकीत बघत होता.

मग माझ्याकडे आली. 'ममा, व्हाय इज डॅड नॉट आन्सरिंग मी?'

मला ऐकू आलं. पण लांबून.

पेपरच्या तळाला छापलंय: अपूर्ण राहिलेल्यांसाठी उत्तरे गुरुवारी. म्हणजे परवा देवदत्त स्वतःच तिसरा चौकोन भरणार.

२६ जानेवारी, सकाळ

आतल्या खोलीत एक मुलगी पलंगावर बसली आहे. गुडघे पोटाशी. वहीत बघितलं. तिचं नाव मिहिका, माझी मुलगी, पंधरा वर्षांची.

काही वाटलं नाही. छातीवर हात ठेवून पाहिलं. काहीच नाही.

पण लिहिलंय. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या डोक्यापेक्षा कागदावर विश्वास ठेवला. आजही तेच.

कोडं घेऊन बसले. चूक शोधायची.

२६ जानेवारी, दुपार

सापडली. उभे आठ, 'हलक्या प्रतीचा (२)': हीन. त्याचा पहिला चौकोन मिहिकाच्या मधल्या चौकोनावर येतो. तिथे आडव्याला ऱ्हस्व हि हवा, उभ्याला दीर्घ ही. एका चौकोनात दोन्ही बसत नाहीत. आडवे सात रद्द करावं लागेल, असं देवदत्तांना लिहिलं.

उत्तर लगेच. चूक मान्य. इतक्या वर्षांतली पहिली. शब्द काढतो. पण चौकोन रिकामे ठेवता येत नाहीत. त्या जागी तीन अक्षरी दुसरा शब्द आपणच सुचवावा. नाव हवं. आपल्या घरातलं.

२६ जानेवारी, संध्याकाळ

घरात तीन नावं. शैलेंद्र. मिहिका. तिसरं माझं.

शैलेंद्रही तीन अक्षरी आहे. हे मी लिहून पाहिलं. लिहिल्याची नोंद ठेवते, कारण मी चांगली बाई होते असं मागाहून कुणी समजू नये.

मग तो खोडला. सु-चि-त्रा. उभे शब्द नवे घातले: सुतार, चिमटा, त्रास. आयुष्यात पहिल्यांदा कोडं रचलं. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

पाठवलं.

देवदत्त: सूचना स्वीकारली. दुरुस्त कोडं उद्याच्या अंकात.

२७ जानेवारी

मिहिकाचा आवाज घरभर. चार्जर सापडत नाही म्हणून. शैलेंद्र तिला ओरडला. ती उलट ओरडली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं.

ताटल्या दोन. बरोबर आहे.

पेपर आलाय. बंद केलेला, तरी.

आठ वाजून गेले

तो पेन घेऊन बसला. मी समोरच्या खुर्चीत. तो मिहिकाला वाचून दाखवतोय. छान चित्रासारखी, तीन अक्षरे. तिने खांदे उडवले. आय डोन्ट नो मराठी, बाबा.

बाबा म्हणाली. डॅड नाही.

सु लिहिला

मिहिकाने दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं. खुर्चीवर. वजन लागलं नाही

चि

तो थांबलाय — पेन वर धरून. कपाळाला आठी. म्हणतोय, हे नाव मी कुठेतरी — मिहिका हसते आहे, बाबा जस्ट राइट इट — तो माझ्या बाजूला बघतोय, नेमका इथे, आणि मला आता पहिल्यांदाच वाटतंय की त्याला