सतरा मिनिटांचं बेरलेवोग

ती. आस्लाउगताईस,

गुनवोरचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? माझे दोन्ही ठणठणीत आहेत आणि हे पत्र मी बेरलेवोगहून लिहितेय. परत वाच. बेरलेवोगहून! जिंकले मी, ताई!

फोनवर तूच ऐकवलं होतंस ना, की मेहामनमधून पन्नास किलोमीटरवरच्या बेरलेवोगला आयलिफकडे साधं कॉफीला जाता येत नाही, तर नॉर्वेच्या टोकावरच्या त्या गावात राहतेस कशाला? रविवारपर्यंत पोचून दाखव, नाहीतर घर विक आणि ट्रॉन्डहाइमला माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ये. (त्या फ्लॅटच्या खिडकीतून पार्किंग दिसतं. माणसाने पार्किंगकडे बघत म्हातारं व्हायचं?) मी म्हटलं, लागली पैज! रस्त्याने फिओर्डच्या लांबलचक खाडीला वळसा घालून पाच तास लागतात, पण विमानाने फक्त सतरा मिनिटं.

शुक्रवारी मांडीवर क्रीमचा केक घेऊन विमानात बसले. सतराव्या मिनिटाला खाली बेरलेवोग दिसलं, कुंपणापाशी थर्मास घेऊन उभा असलेला आयलिफही दिसला. पण वारा असा आडवा, की वैमानिकाने दोनदा खाली डोकावून बघितलं आणि आम्हाला थेट पुढच्या विमानतळावर, किर्केनेसला नेलं. शनिवारी परतीच्या विमानात पुन्हा तोच वारा, तेच बेरलेवोग, तोच आयलिफ, तोच थर्मास. मी खिडकीतून केकचा डबा हलवला (त्याला दिसला नाही म्हणे, आंधळा मेला!) आणि विमानाने मला आणून सोडलं कुठे, तर मेहामनला, माझ्याच दारात! शेजारीण विचारते, "आलीस पण? कशी होती कॉफी?" असा संताप आला म्हणून सांगू! केक मी घरी एकटीने चमच्याने संपवला.

रविवारी मात्र उतरले. घड्याळ लावून मोजलं, बरोब्बर सतरा मिनिटं. (आधीचे दोन दिवस धरायचे नसतात. ते हवामान.) पण कुंपणापाशी आयलिफ नाही! ही बाई आकाशातून काही येत नाही असं ठरवून गडी दुपारीच गाडी काढून मला आणायला मेहामनला निघाला होता. विमानतळावरची बाई (तिकीट तीच बघते, बॅगा तीच उतरवते, आगीचा बंबही तीच चालवते) मला त्याच्या घरी सोडून गेली. दार उघडंच होतं. मी कॉफी टाकली आणि पावणेपाचला दोन कप प्यायले. फोटो सोबत आहे, मागचं कॅलेंडर नीट बघ. तेवढ्यात आयलिफचा फोन, माझ्या स्वयंपाकघरातून! बर्फाने त्याच्यामागे रस्ता बंद झालेला. दोन दिवस तो माझ्या घरात, मी त्याच्या घरात. दोन्ही गावांना बोलायला काही मिळालं नाही, बिचारी.

तेव्हा तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला तरी दाखव. मी कुठेही अडकलेली नाही.

तुझी,
विजयी गुनवोर

ता. क. आज मंगळवारी रस्ता उघडला आणि आयलिफ आला. माझी धुरकट चूल दुरुस्त करून आलाय. आल्या आल्या, बूटही न काढता, त्याने लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. ताई, मला फार आनंद झालाय.

ता. क. २. तुझ्या ओळखीचा तो घरं विकणारा माणूस अजून आहे का? मेहामनचं घर काढायचंय. ती सतरा मिनिटं या वयात झेपत नाहीत गं, त्यापेक्षा एकाच स्वयंपाकघरात राहू म्हणतो आम्ही. पण पैज मीच जिंकलेय, हे चारचौघांत कबूल करायचं!