मागचे बुश आणि तुझी जागा

प्रिय धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. चष्मा शोधत असशील तर आधी डोक्यावर हात फिरव. आणि हे कोणाचं पत्र म्हणून कोड्यात पडली असशील, तर तुला एक मोठी बहीण आहे, तिचं आहे. तब्येत खरी काय ती कळव. न्हाणीघरात पडलीस हे मला तुझ्या शेजारणीकडून कळावं, हे शोभत नाही. मी ठीक आहे. (नात लिहिते आहे आणि मधेच हसते आहे. अक्षर हललं तर दोष तिचा.)

भाऊजी गेल्यापासून तुला इकडे राहायला ये म्हटलं की तुझं एकच, तुमची गाडी मागून आदळते, माझी कंबर राहायची नाही. तुझं खरं निघालं. मागच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबरी बुश असतात, त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. माझ्या लेकाने त्यावर उपाय म्हणून रेडिओचा आवाज वाढवला होता. शेवटी मीच त्याला गॅरेजात नेलं. जुने बुश गंजून असे बसलेले की मेकॅनिकला दाद देईनात. (तुझी आठवण झाली. हे गाळू नकोस गं, लिही.) तेल झालं, हातोडा झाला, शिव्या झाल्या, मी बाकावर बसून ऐकत होते, काही मलाही नवीन होत्या.

नवे बसले तेव्हा वाटलं, सुटलो. तर म्हणे, बोल्ट आत्ता नुसते अडकवायचे. आवळायचे ते गाडी जमिनीवर टेकवून, नेहमीचं वजन आत ठेवून. अधांतरी आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मागे कोण बसतं, त्याने विचारलं. लेक म्हणाला, आई एकटीच. मी म्हटलं, दोघी. लेकाने माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या दुकानातून बटाट्याचं पोतं उचलून आणलं. ते तुझ्या जागी ठेवलं. तुझ्यासारखंच ते, सारखं माझ्या अंगावर कलंडायचं. खाली बोल्ट आवळले जात होते आणि वर मी पोत्याला धरून बसले होते. आमचे हे गेल्यापासून त्या जागेवर कोणी बसलं नव्हतं.

आता गाडी मागून चकार शब्द काढत नाही. तेव्हा कमरेचं सोडून दुसरं कारण शोध.

तुझी,
थोरली

ता. क. रविवारी लेक येतो आहे. कपडे भरून ठेव. वाळली असशील तर तोवर नीट जेव, बोल्ट पोत्याच्या मापाने आवळले आहेत.

आणखी ता. क. मी ठीक आहे असं वर लिहिलंय, ते तेवढंसं खरं नाही. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला आहे. आता मला तुझ्याकडे येता यायचं नाही, म्हणून तू ये.

शेवटचं. नाहीच आलीस, तर लेकाबरोबर तुझ्या झाडाची लिंबं पाठव, चांगली टोपलीभर. पण ती डिकीत ठेवायला सांग. मागची सीट रिकामी येऊ दे.